मांडवातली इटली

अंबरनाथच्या शिवमंदिरातली महाशिवरात्रीची यात्रा असो, उल्हासनगरातलं लग्न असो की बदलापूरच्या सोसायटीची सभा, टेम्पोतून आधी उतरतात त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकात एक बसवलेली त्यांची चळत मांडववाल्याची पोरं उचलतात आणि बघता बघता रांगा लावतात. त्यातली एखादी उलटी करून तिचा पाय बघा. भरीव नाही, पातळ पत्रा दुमडावा तसा कोनात वळलेला. या घडीपायी मिलान शहराने बरंच डोकं खाजवलं आहे.

मुळात मालच तिकडचा. या खुर्च्या बहुतेक पॉलिप्रॉपिलिनच्या. त्याचे रेणू शिस्तीत गुंफण्याची किमया मिलानच्या जुलिओ नात्तांनी १९५४ मध्ये साधली आणि १९६३ मध्ये कार्ल झीगलर यांच्याबरोबर नोबेल मिळवलं. नात्तांचे विद्यार्थी जुलिओ कास्तेल्ली यांनी १९४९ मध्ये कार्टेल ही कंपनी काढली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला इकडे फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधींच्या छावणीचं उल्हासनगर झालं. दोन्हींचा संबंध शून्य. पण उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सांगायला गोष्ट बरी!

कार्टेलसाठी डिझायनर जो कोलंबो यांनी १९६५ मध्ये ‘उनिवेर्साले’ ही खुर्ची रचली. ठरली होती अ‍ॅल्युमिनियमची, झाली एबीएस प्लॅस्टिकची. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून ती काढत. पाय मात्र सुटे. ते बदलून उंची कमीजास्त करता यायची.

पाय अंगचेच हवेत, हा हट्ट डिझायनर विको माजिस्त्रेत्तींचा. पातळ पाय वाकतो, भरीव पाय जड होतो. मग त्यांनी पायाचा पातळ पत्राच इंग्रजी ‘एस’सारखा वळवला. वहीचं पान उभं धरलं तर लवंडतं, घडी घातली की ताठ उभं राहतं, युक्ती तीच. काचतंतूंनी बळकट केलेल्या पॉलिएस्टरची, एकसंध अशी ही ‘सेलेने’ १९६९ मध्ये आली. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

पुढे १९७२ मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोने यांनी एक खुर्ची दोन मिनिटांच्या आत साच्याबाहेर काढायला सुरुवात केली. मग काय, खुर्ची स्वस्त झाली आणि जगभर पसरली. बनवणाऱ्याचं नाव तेवढं मागे पडलं.

आपल्याकडे तिच्यावर आणखी एक संस्कार होतो. पाय तडकला की दोन्ही बाजूंना तापल्या खिळ्याने भोकं पाडायची, तार ओवायची, पकडीने पीळ द्यायचा. पुढच्या लग्नाला खुर्ची पुन्हा रांगेत, फक्त जरा मागच्या.