गणेशवाडीचे रिकामे ओटे

नाशिकच्या पंचवटीत गणेशवाडीला महापालिकेने भाजी मंडई बांधली. छप्पर झालं, ओटे झाले, आणि इमारत वर्षानुवर्षं ओस पडून राहिली. भाजीवाले बाहेर रस्त्यावरच बसले. ‘यांना शिस्तच नको’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही.

रामकुंडावरून निघालेला यात्रेकरू कपालेश्वराच्या पायऱ्या चढतो, काळारामाचं दर्शन घेतो, सीतागुंफेकडे वळतो. पंचवटीचा व्यापार या वाटेच्या दोन्ही कडांना वसला आहे: हळदकुंकू, रुद्राक्ष, पितळी मूर्ती, गोदेचं पाणी घरी न्यायला तांब्याचे गडू. भाजीचंही असंच. घरी निघालेल्या बाईला मेथीची जुडी चालता चालता दिसावी लागते. एक विक्रेता आत ओट्यावर गेला आणि चौघं रस्त्यावर थांबले, तर आतल्याची भवानीसुद्धा होत नाही. दुसऱ्या दिवशी तो बाहेर येणारच.

कारागिराची अडचण आणखी वेगळी. नदीपलीकडे जुन्या नाशकात भांडी बाजार आहे, तांबट आळी आहे. ठोके पडत गेले की तांबं कडक होतं; मग ते भट्टीत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा मठारायचं. त्या प्रत्येक ठोक्याची खूण भांड्यावर राहते, मठारकामाचं सगळं देखणेपण तिच्यात असतं. या धंद्याला पुढे दुकान, मागे भट्टी, वर बिऱ्हाड अशी जागा मानवते. मोजून दिलेल्या गाळ्यात फक्त दुकान मावतं.

आधी छप्पर की आधी माणसं, हा वाद जुनाच आहे. पुण्यात शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात बाजार भरायचा. त्याच्यासाठी नगरपालिकेने रे मार्केट उभारलं. 1886 साली ते सुरू झालं. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर जावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. मंडई चालली, फळली. पण छपराआधी माणसांचा विचार करा हा फुल्यांचा आग्रह मला आजही तितकाच रास्त वाटतो.

पंचवटीत तर नदीचाही विचार करावा लागतो. दर बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात). पाणी चढलं की पालं गुंडाळून बाजार उठतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, यावरून नाशिककर पूर मोजतात. 2008 आणि 2016 च्या पुरांत तर सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या पक्क्या दुकानांतही पाणी शिरलं.

आता 2027 चा सिंहस्थ समोर आहे. घाट, रस्ते नव्याने आखले जातील आणि पहिला धक्का पथारीवाल्यांना बसेल. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला; सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. हे सर्वेक्षण पंचवटीत एखाद्या निवांत दुपारी उरकू नये. बुधवारी घाटावर व्हावं, श्रावणी सोमवारी कपालेश्वरापाशी व्हावं, आणि गणेशवाडीत संध्याकाळी, भाजीला गर्दी असते तेव्हा. कोण कुठे बसतं, गिऱ्हाईक कुठून येतं, हे नकाशावर मांडून मगच ओट्यांची जागा ठरवावी.