धाव : चावडीच्या हुकमापासून स्वतःच्या पायांपर्यंत

आपण दिवसातून कितीदा तरी 'धाव' हा शब्द वापरतो. क्रिकेटमधली धाव, न्यायालयात घेतलेली धाव, धावपळ, धावती भेट. शब्द इतका तोंडात बसला आहे की त्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहावेसे वाटत नाही. पण शब्द हेही इतिहासाचे साधन आहे. ज्यांच्या नावाने शिलालेख कोरले गेले नाहीत, त्यांचा इतिहास अनेकदा बोलीतल्या शब्दांतच शिल्लक राहतो. आटपाडीच्या मातीत उभे राहून 'धाव' या शब्दाकडे पाहिले, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : कोण धावला, आणि कोणासाठी?

पालीतील धाव

मराठीतील 'धावणे' आणि पालीतील 'धावति' हे एकाच कुळातले शब्द आहेत. संस्कृत धातुपाठात 'धाव्' या धातूचे दोन अर्थ दिले आहेत, गती आणि शुद्धी. म्हणजे धावणे आणि धुणे हे दोन्ही अर्थ तिथे एकाच धातूखाली येतात.

मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात हा शब्द येतो. धावणारा हत्ती, धावणारा घोडा, धावणारा रथ, धावणारे हरीण यांना पाठलाग करून पकडणारा अंगुलिमाल सगळी ताकद लावूनही शांतपणे चालणाऱ्या तथागतांना गाठू शकत नाही. तो त्यांना थांबायला सांगतो. तथागत उत्तर देतात की मी कधीच थांबलो आहे, आता तू थांब. हिंसेपासून थांबणे हा त्या थांबण्याचा अर्थ. पायात वेग असणे वेगळे आणि दिशा असणे वेगळे, हे इथे स्पष्ट होते.

याच धातूपासून पालीत 'संधावति' हा शब्द झाला. एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत राहणे, असा त्याचा अर्थ. साती नावाच्या भिक्खूने असे मत मांडले की तेच एक विज्ञान, म्हणजे जाणीव, जन्मोजन्मी धावत राहते. तथागतांनी हे मत साफ नाकारले. जाणीव कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, कारण नसेल तर जाणीवही नाही, असे त्यांनी समजावले. लाकडाने पेटला तर लाकडाचा अग्नी, गवताने पेटला तर गवताचा अग्नी, हा दृष्टांत त्यांनी दिला. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे नाकारले. मागच्या जन्माचे पाप धावत आले म्हणून तू अस्पृश्य झालास, हा युक्तिवाद इथेच कोसळतो.

मोटेची धाव

आता पालीतून आपल्या शिवारात येऊ. गावाकडे 'धाव' या नामाला आणखी दोन अर्थ आहेत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. आणि विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात, तो उतारही धाव. विहीर जितकी खोल, तितकी धाव लांब. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखात पाणी खोल, त्यामुळे बैलांची आणि माणसांची धावही मोठी.

या धावेवर एक अन्यायही उभा होता. मोटेचे कातडे कमावणारे, मोट शिवणारे आणि नाडा वळणारे हात अस्पृश्य मानलेल्या समाजांचे होते. त्यांच्या हातच्या मोटेतून आलेले पाणी पिकाला चाले, मात्र त्याच लोकांनी विहिरीवर जाऊन घागर भरली तर विहीर बाटत असे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हाच खोटेपणा जगासमोर उघडा केला.

तराळाची धाव

माणसाच्या पायांची धाव तर याहून कठोर होती. महार वतनात गावाचा निरोप पोहोचवणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्या तैनातीत राहणे, वाटसरूचे ओझे वाहणे, ही कामे होती. चावडीवरून हाक आली की रात्र असो वा पाऊस, निघावे लागे. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जावे लागे. बदल्यात थोडी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते.

या कामावरच्या महाराला तराळ म्हणत. शंकरराव खरात यांचा जन्म 1921 मध्ये आटपाडीत अशाच एका तराळाच्या घरी झाला. ते वकील झाले, लेखक झाले, त्यांनी 'प्रबुद्ध भारत'चे संपादन केले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवले. 1984 मध्ये जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या आत्मकथेचे नाव 'तराळ-अंतराळ'. बापाला चावडीच्या हाकेवर धावावे लागले, मुलगा स्वतःच्या विचाराने धावला. दोन पिढ्यांतला हा फरक शिक्षणाने आणि चळवळीने घडवला.

ही सक्तीची धाव थांबावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. अखेर कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला आणि 1959 पासून अमलात आला. म्हणजे कायद्याने ही धाव थांबायला तीस वर्षे लागली.

धावा की धाव?

मराठीत 'धावा करणे' असाही प्रयोग आहे. संकटात सापडलेला माणूस दुसऱ्याला 'धाव' म्हणून हाक मारतो, तो धावा. धाव आणि धावा यांत एका काना-मात्रेचा फरक दिसतो, पण वाट पूर्ण उलटी. धाव्यात आपण जागेवर उभे असतो आणि धावायचे काम दुसऱ्यावर सोपवतो. तथागतांनी कोणाचा धावा करायला सांगितले नाही, स्वतःलाच स्वतःचा आधार करायला सांगितले. बाबासाहेबांनीही शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हाच मार्ग दिला. न्यायालयात धाव घेणे, संविधानाचा आधार घेऊन हक्क मागणे, हा त्या मार्गाचाच भाग आहे.

आजची आपली धाव

याच माणदेशाच्या मातीतून, सातारा जिल्ह्यातील मोही गावातून ललिता बाबर पुढे आल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या धावल्या. आज आमच्या गावागावांतले तरुण-तरुणी पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर सराव करतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. ही धाव अभिमानाची आहे, कारण ती कोणाच्या हुकमाची नाही. भरतीच्या जागा थोड्या आणि धावणारे हजारो, हेही खरे. म्हणून मैदानाबरोबर अभ्यासिका हवी, एका परीक्षेत अपयश आले तर दुसरी वाट माहीत हवी.

आणि एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. आज नेत्याच्या गाडीमागे धावणारी, मोबाइलवरच्या एका चिथावणीखोर संदेशामागे धावणारी पोरे आपल्याच वस्त्यांत दिसतात. चावडी बदलली, हाक तीच राहिली, असे होऊ देऊ नका. हाक आली की आधी विचारा : कोणाची हाक, कोणाच्या भल्याची? उत्तर पटले तर जिवाच्या आकांताने धावा. नाही पटले तर थांबा. तराळाच्या पायांना थांबण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला तो मिळाला आहे.

जय भीम!