सातला ओहोटी

पहाटे ४.४५

आज पौर्णिमा. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबई बंदरात त्यात थोडं पुढेमागे होतं आणि ठाण्याच्या टोकापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ जातो. म्हणजे चेंदणीच्या बाजूला ओहोटी साधारण सातला, आणि साडेनऊनंतर चिखलात कोणी थांबायचं नाही. आमचा रविवार असा चंद्र ठरवतो. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक परतीच्या वाटेवर आहेच.

गमबूट, जाड हातमोजे, दोन कात्र्या, गोण्यांची चळत, पाण्याचा कॅन. प्लास्टिक गोळा करायला निघालेल्या माणसाच्या हातात पाण्याची विकतची बाटली दिसली की माझं डोकं फिरतं, म्हणून कॅन मीच उचलतो.

५.४०

डोंबिवलीहून स्लो लोकल. मुंब्र्याजवळ उजव्या हाताला उल्हासची खाडी दिसते. ही नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कल्याण, डोंबिवली, घोडबंदर करत वसईला समुद्रात जाते. ठाणे खाडी दुसरी, दक्षिणेला मुंबई बंदराकडे उघडणारी. दोघींना वरच्या अंगाला एक अरुंद फाटा जोडतो. आमच्याकडे वाळूचा किनारा नाही, लाटाही नाहीत. नाल्यात पडलेलं पाकीट मात्र दोन्ही वाटांनी समुद्राला लागतं.

६.५०

ठाणे पूर्वेला बांधावर सगळे जमले. तिवरांच्या खाली चिखल उघडा पडलाय. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि झाड त्यांतून हवा घेतं. त्यांच्यावर पिशव्यांचा थर बसला की झाड आतल्या आत गुदमरतं. परवानगीचा कागद खिशात आहे, कारण हे वनक्षेत्र आहे. कांदळवन तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटलं. पण पिशव्यांखाली झाकलेलं झाड कोणी तोडलेलं नसतं, त्यामुळे आरोपीच सापडत नाही.

नवीन आलेल्यांना एवढंच सांगतो: मुळात गुंतलेली पिशवी ओढायची नाही. ओढली की मूळ तुटतं, पिशवी फाटते आणि अर्धी आत राहते. कात्रीने एका बाजूने चिरायची, चिखल झटकायचा, वर सोडवून घ्यायची. नायलॉनच्या जाळ्याचंही तसंच. चिखल गुडघ्याच्या वर आला की मागे फिरायचं. सुई किंवा काच दिसली की हात लावायचा नाही, हाक मारायची.

७.३०

या कामात वेग दिसत नाही. हातभर जागेत वेफरची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, एका पायाच्या चपला, थर्माकोलचे तुकडे, गाठ मारलेली निर्माल्याची पिशवी. निर्माल्य कधीच कुजून गेलंय, गाठ शाबूत आहे. एका पाकिटावर निवटी बसली होती. हात जवळ गेला तशी डोळे आत ओढून सुर्रकन चिखलात गेली. आमच्यासोबतचे कोळी काका म्हणाले, पूर्वी निवट्या टोपलीने मिळायच्या, आता मिळाल्या तरी लोक आधी विचारतात की कुठल्या पाण्यातल्या.

खाली दक्षिणेला याच खाडीत फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली तिथे अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर यादीत नाव आलं. पक्ष्यांचे फोटो काढायला माणसं लांबून येतात. आमच्या टोकाला कोणी कॅमेरा आणत नाही, त्याचं वाईट वाटत नाही. मोकळे हात आले तर बरं.

९.१०

चहा, घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यांत. आमच्यातली एक मुलगी सुट्टीत गोव्याला, मांद्रे-आश्वेकडे सर्फिंगला जाते. ती सांगत होती की कॅलिफोर्नियात मालिबूच्या सर्फरांनी १९८४ साली सर्फरायडर फाउंडेशन काढलं, त्यामागे त्यांच्या लाडक्या लाटेजवळ समुद्राला मिळणाऱ्या खाडीचं घाण पाणी हेही कारण होतं. म्हणजे तिथेही भांडण वरून येणाऱ्या पाण्याशीच. फळीला लावायचं मेण पेट्रोलियमचं नको, मधमाश्यांचं चालतं. ऑक्सिबेंझोन असलेलं सनस्क्रीन हवाईत २०२१ पासून विकता येत नाही, हेही तिने सांगितलं. “पण दादा, फळीवर बसून समोर पाहिलं ना, की तरंगतंय ते इथलंच वाटतं.”

९.४०

“पानी आलं, वर या!” काकांची हाक. पौर्णिमेचं उधाण भांगाच्या पाण्यासारखं सावकाश येत नाही. घोट्याशी होतं ते बघता बघता पोटरीला लागतं. माणसं वर आली, गोण्या खालच्या पायरीवरच राहिल्या, कारण त्या उचलणारी गाडी नऊला यायची होती. गाडी कोणाची ते लिहीत नाही. फोनवर “पाच मिनिटांत” असं तीनदा ऐकल्यावर आम्ही साखळी धरून गोण्या रस्त्यापर्यंत चढवल्या. एक हातातून निसटली आणि पाण्यावर उघडली. ज्या मुलाने ती भरली होती तो तिच्याकडे बघत राहिला. गाडी सव्वाअकराला आली.

तोवर निवडून झालं होतं. पाण्याच्या बाटल्या आणि कडक प्लास्टिक भंगारवाला आनंदाने घेतो. चकचकीत पाकिटांना तो हातही लावत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचा थर चिकटलेला असतो आणि तो वेगळा करणं परवडत नाही. आमच्या ढिगात सगळ्यात जास्त तीच.

दुपारी ४

मेगाब्लॉकमधून कसाबसा कल्याणला. अंबरनाथ, उल्हासनगर पार करून वालधुनी इथे उल्हासला मिळायला येते. या दोन नद्यांच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दंड ठोठावला होता. रसायनांपुढे आमची कात्री चालत नाही. तरंगणाऱ्या कचऱ्याला आडवी जाळी लावता येते, म्हणून एका नाल्यावर जागा पाहिली. माझं मत विचाराल तर अशी एक जाळी आमच्या अनेक रविवारांपेक्षा जास्त काम करेल, फक्त ती रोज रिकामी करणारा माणूस पगारावर हवा. स्वयंसेवक रोज येत नाहीत, आणि यावेत अशी अपेक्षाही चुकीची.

रात्री ८.३०

डोंबिवली, सोसायटीची मीटिंग. लिफ्ट आणि पार्किंगनंतर माझा विषय: दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका, लटकता ठेवा. तो कोपरा कोणाला वेचता येत नाही, थेट गटारात जातो. आणि पिशव्या धुऊन एकत्र द्या. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिक नियमांत दुधाच्या पिशव्या परत घेण्याची तरतूद आहे. सेक्रेटरी म्हणाले, “दूधवाल्याला कोण सांगणार?” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “मी सांगते, पण पिशव्या वाळत कुठे घालायच्या ते आधी ठरवा. गच्चीची चावी तुमच्याकडेच असते.”

त्यावरून चावीचा वाद सुरू झाला.