फोटो मोजकेच, पण मनाजोगते

रायपुरात लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटले की पावले पंडरीच्या कापडबाजाराकडे वळतात. गठ्ठे वाहणारे हमाल, एकामागून एक साड्या उलगडणारे दुकानदार, पदर खांद्यावर टाकून आरशात पाहणारी नवरी आणि किंमत ऐकून भुवया उंचावणारी तिची आई! छायाचित्रणाचा छंद असणाऱ्याला आणखी काय हवे? मोबाइलवर तासाभरात दोनशे फोटो सहज निघतात. घरी आल्यावर मात्र त्यांतला एकही निवांत पाहिला जात नाही आणि ‘या बाजारावर एक छानसा अल्बम करू’ हा बेत मनातच राहतो.

अशा वेळी कपाटातला जुना फिल्मचा कॅमेरा बाहेर काढून पाहा. ३५ मि.मी.च्या मोठ्या रोलवर फोटो निघतात ३६. अ‍ॅग्फा क्लिक-३ असेल तर एका रोलवर अवघे १२! काढलेला फोटो लगेच दिसत नाही, पुसताही येत नाही. प्रत्येक फोटोला पैसे पडतात. म्हणून बटण दाबण्यापूर्वी आपोआप प्रश्न पडतो, यातले मला नेमके काय हवे आहे? नव्या कामाची खरी सुरुवात या प्रश्नातून होते.

कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपली. हाती आली ती जेमतेम मिनिटभराची फिल्म. पण ती पाहून भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामे पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतली होती. घरातल्या एका कुंडीपासून केवढे काम उभे राहिले!

सुरुवात कशी कराल?

• भिंगावर बुरशी नाही ना, शटर नीट उघडते ना, हे आधी तपासून घ्या.

• रोल धुऊन देणारी दुकाने आता थोडी उरली आहेत. खर्च आणि लागणारे दिवस आधीच विचारा.

• ४०० आयएसओचा रोल ऊन-सावलीच्या गल्लीत सोयीचा. लख्ख उन्हात छिद्र १६ वर आणि वेग १/५०० ठेवा. सावलीत छिद्र मोठे करा.

• रायपूरच्या उन्हाळ्यात रोल बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने फिल्म खराब होते.

• विषय एकच निवडा. बाजारातली एक गल्ली किंवा नुसते कापड मोजणारे हात.

• फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या. वहीत क्रमांक, तारीख आणि उजेड कसा होता ते लिहा.

छत्तीसपैकी चारच फोटो मनासारखे आले तरी खट्टू होऊ नका. ते चार कागदावर छापा, अल्बमच्या पहिल्या पानावर लावा आणि एकेक प्रत ज्याची त्याला नेऊन द्या. पुढच्या रोलला तो माणूस स्वतःच तुम्हाला दुकानात बोलावून घेईल.