सेकंड शिफ्टचा इफ्तार आणि पुठ्ठ्यावरची चित्रं

एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असणाऱ्याचा इफ्तार घरी होत नाही. आमच्या हिंगण्यातून दुपारी अडीचच्या सुमारास जी पोरं मोटारसायकली काढतात, त्यांच्या डब्यात रमजान महिन्यात भाजी-पोळीबरोबर खजुराची पुडी आणि दोन केळी असतात. मगरिबची अजान मशिनींच्या आवाजात आतपर्यंत पोहोचत नाही. कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, मान हलवतो आणि रोजेदार हातमोजे काढून पाण्याच्या टाकीपाशी जमतात. आठ-दहा मिनिटांचा मामला. तेवढ्या वेळात त्यांच्या मशिनीवर लक्ष ठेवणारे मित्र बहुतेक रोजेदार नसतात, पण खजुरातला त्यांचा वाटा ठरलेला असतो.

हे सगळं मला माहीत असायचं कारण नाही. मी कधी कारखान्यात काम केलेलं नाही. मी हे पाहिलं ते पुठ्ठ्यावर. माझा भाचा तिथं ठेकेदाराकडे कामाला आहे. पॅकिंगच्या खोक्यांचे फाटके पुठ्ठे तो घरी आणतो आणि रात्री त्यावर चित्रं काढतो. ग्रीसनं काळी झालेली बोटं खजुराची बी काढताहेत. एकजण उकिडवा बसून केळं सोलतोय आणि त्याची सावली मशिनीवर पडली आहे. कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, म्हणून फोटो काढायची सोय नाही. जे दिसलं ते डोळ्यांत भरून आणायचं आणि बारा वाजता घरी आल्यावर उतरवायचं.

दहाव्या रोजाला तो मला म्हणाला (आमच्या घरात बोलणं नागपुरी हिंदीत चालतं, मराठीत सांगतो), "मामू, ईद झाली की मी काम सोडतो. ही शिफ्ट आहे तोवर माझ्या हातून काही होणार नाही. चार वर्षं वाया गेली." चित्रकलेच्या कॉलेजात तो दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा माझे मेहुणे वारले. कॉलेज सुटलं आणि शिफ्ट सुरू झाली. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिथंच कणीक मळत होती. ती काही बोलली नाही. माझ्याकडे मात्र तिनं असं पाहिलं की उत्तर मीच द्यायचं आहे हे मला समजलं.

मी ईदपर्यंत मुदत मागून घेतली. मधल्या दिवसांत मी जे जे आठवलं आणि त्याला सांगितलं, ते इथं लिहितो. अशी पोरं आणि असे मामू तुमच्याही ओळखीचे असतील.

पहिलं नाव आठवलं ते सय्यद हैदर रझांचं. त्यांचं नाव घेतलं की लोकांना किंमत आठवते. त्यांचं 'सौराष्ट्र' हे चित्र २०१० मध्ये लिलावात १६ कोटी ४२ लाख रुपयांना गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी बातमी होती. पण हा माणूस चार वर्षं आपल्या नागपुरात शिकला, हे नागपूरकरांनाही फारसं माहीत नसतं. रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात नोकरीला. तेव्हा मंडला आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. जंगलातल्या त्या पोराला शहर म्हणजे नागपूर. दमोहला शाळा संपवून १९३९ मध्ये तो नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये आला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. १९४३ पर्यंत तो इथं होता.

नागपूरनंतर मुंबई. तिथं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं ठरलं होतं, पण शिष्यवृत्तीचं वेळेवर जमलं नाही आणि रझांना नोकरी धरावी लागली. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ नावाच्या ठिकाणी छपाईचे ब्लॉक बनायचे, तिथं ते डिझाइनचं काम करू लागले. दिवसा पोटाचं काम, संध्याकाळी कलेचा वर्ग, उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. त्या काळातली त्यांची चित्रं बघा. बहुतेक जलरंगातली, आणि विषय मुंबईचे रस्ते. पावसात भिजलेले, गर्दीचे, घाईत काढल्यासारखे रस्ते. निवांत बसून निसर्ग रंगवायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. कामावर जाता-येता जे समोर पडत होतं, ते कागदावर येत होतं.

इथं भाचा म्हणाला, "पण पुढं ते पॅरिसला गेलेच ना." गेले. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५० मध्ये ते निघाले. त्याआधी १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली. रझा मात्र इथलेच राहिले. १९५६ मध्ये पॅरिसमध्ये समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला, पुढं तिथंच संसार झाला. सगळं मनासारखं, वेळच वेळ. तरी वर्षानुवर्षं चित्रं काढूनही यात माझं असं काही दिसत नाही, अशी टोचणी त्यांना लागून राहिली.

आणि मग त्यांना सापडलं ते काय, तर शाळेतली एक शिक्षा. लहानपणी ककैयाच्या शाळेत या पोराचं चित्त ठिकाणावर नसायचं. मास्तरांनी एक दिवस त्याला भिंतीसमोर बसवलं, भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडं बघत बस. तो ठिपका पन्नाशी उलटल्यावर 'बिंदू' होऊन रझांच्या चित्रात आला आणि शेवटपर्यंत राहिला. आज जगात रझांची ओळख त्या काळ्या गोलानं आहे. जंगलातल्या रात्रींचा काळोख, त्या काळोखात वाटणारी भीती, गोंडांचे नाच, सकाळ झाल्यावर येणारा धीर यांविषयी ते म्हातारपणीही बोलायचे. २०१० च्या अखेरीला ते भारतात परतले, २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

मी भाच्याला विचारलं, "त्या पोरालाही त्या दिवशी भिंतीकडं बघत बसणं म्हणजे वेळ वाया गेला असंच वाटलं असेल की नाही?"

तो हसला, पण पटलं नव्हतं. त्याचं खरं दैवत हुसेन. तिथं मात्र मला बोलायचा थोडा अधिकार आहे, कारण आमचा धंदा एक होता. मी पंचवीस वर्षं बोर्ड पेंटर होतो. हिंगणा रोडवरच्या दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती. मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मले, वाढले इंदूरला, आणि मुंबईत आल्यावर सिनेमाची होर्डिंग रंगवून जगले. चौरस फुटाला चार आणे. मोठं होर्डिंग रंगवणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. परांचीवर उभं राहिलं की चित्र दिसत नाही. समोर असतो नटीचा एक डोळा, तोच तीन फुटांचा. बाकी चेहरा मनात धरायचा आणि हात खांद्यापासून फिरवायचा. मनगटानं काढलेली रेघ तिथं मुंगीसारखी दिसते. आणि उद्या सिनेमा लागणार असतो, म्हणून खोडायला सवड नाही. हुसेनच्या घोड्याची ती एका दमातली रेघ पाहिली की मला तरी परांची दिसते. समीक्षक काही म्हणोत.

त्यांच्या चित्रांत कंदील पुन्हा पुन्हा येतो. आजोबा इंदूरला दिव्यांचं काम करायचे. छत्रीही येते. आणि एक चेहरा येत नाही. हुसेन दीड वर्षाचे असताना आई, झैनब, वारली. तिचा फोटो नव्हता, चेहरा आठवत नव्हता. पुढं मदर तेरेसांवर त्यांनी जी चित्रमालिका केली, तीत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, कुशीतलं मूल आहे आणि पदराखाली चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार आहे. घरात जे नव्हतं, तेही चित्रात आलंच.

रझा आणि हुसेन ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे, तो १९४७ मध्ये मुंबईत उभा राहिला. त्यात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे गाडे होते. त्यांचं शिक्षण विज्ञानाचं, आणि त्यांनी मास्तरकीही केली. त्यात आरा होते. पोरवयात मुंबईला पळून आलेले, घरगडी म्हणून राबलेले, लोकांच्या मोटारी धुतलेले. त्यांनी आयुष्यभर फुलदाण्या, भांडी, टेबलावरची फळं रंगवली. दुसऱ्याच्या घरातल्या ज्या वस्तू पुसून जागेवर ठेवायच्या, त्या इतक्या जवळून त्यांच्याशिवाय कुणी पाहिल्या असतील?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. कष्ट माणसाला कलाकार बनवतात, असं जे भाषणांतून सांगतात ते मला मान्य नाही. कष्टांनी माणूस थकतो. या रस्त्यावर शिफ्ट करून करून ज्यांचे हात गाण्यावरून, तबल्यावरून, ब्रशवरून कायमचे उठले असे चार-पाचजण मला माहीत आहेत. त्यांच्यावर लेख येत नाहीत. ठेक्याचं काम, दर काही महिन्यांनी नवा कागद, कान बधिर करणारा आवाज, हे काही गुरुकुल नव्हे.

पण माझं स्वतःचं काय झालं, तेही भाच्याला पहिल्यांदा सांगितलं. पाट्या रंगवताना मी रोज म्हणायचो, हे पोटासाठी आहे. एकदा सवड मिळू दे, मग माझं चित्र काढीन. विषयही ठरला होता, वेणा नदीच्या काठावरचा बाजार. मग फ्लेक्स आला. दोन तासांत छापून मिळणारा, निम्म्या पैशात. दोन वर्षांत माझे ब्रश सुकले. सवड मिळाली, भरपूर मिळाली. त्या सवडीत मी एकही चित्र काढलं नाही. रोज सकाळी पत्र्यावर पहिला हात फिरवायचा, रंग कसा बसतोय, ऊन कुठून येतंय ते बघायचं, हे सुटलं आणि त्याबरोबर बघणंच सुटलं. आधी वेळ नव्हता तेव्हा ट्रकच्या फळीवरच्या मोरात मी जेवढा होतो, तेवढासुद्धा पुढं कशात राहिलो नाही. आता मी किराण्याच्या दुकानात हिशेब लिहितो. अक्षर चांगलं आहे, एवढंच उरलं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मरेपर्यंत शिफ्ट करू?"

असं मी म्हणालो नव्हतो. रझांनी नोकरी सोडलीच. पण पुढचं दार उघडल्यावर सोडली. शेवटी असं ठरलं की कॉलेजच्या प्रवेशाची चौकशी करायची, अर्ज भरायचा, आणि प्रवेश हातात येईपर्यंत शिफ्ट सोडायची नाही. प्रवेश मिळाला तर फीचं मी बघीन. कसं बघीन ते अजून मला माहीत नाही. आणि ती चार वर्षं वाया गेली असं म्हणायचं नाही, कारण त्या चार वर्षांतच हे पुठ्ठे भरले आहेत. कॉलेजात असताना तो दुसऱ्यांच्या चित्रांवरून चित्रं काढायचा. चांगली होती. ती कुणाचीही असू शकली असती.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा बहीण पुठ्ठे एकेक उचलून बघत होती. एकवीस होते. सगळे पाहून झाल्यावर तिनं ते पुन्हा रचून ठेवले आणि म्हणाली, "यात मी कुठं आहे?"

आम्ही दोघंही गप्प. ती रोज पावणेचारला उठते. हा पोरगा दोन-अडीचपर्यंत चित्र काढून झोपलेला असतो. ती सहरीचं करते, त्याला हाका मारून उठवते, तो अर्धवट डोळ्यांनी खातो. चार वर्षांत टाकीपाशी बसलेले मित्र त्यानं पंचवीस वेळा काढले असतील. आई एकदाही नाही. मला खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आठवल्या. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांची गाणी झाली. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी काही उतरवून ठेवली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. ती वही घरात नसती तर गाणी त्यांच्याबरोबर गेली असती. माझ्या बहिणीनं रमजानात लाटलेल्या पोळ्यांची वही कुणी ठेवली नाही.

त्या रात्री तो झोपलाच नाही. पावणेचारला तिनं गॅस पेटवला तेव्हा हा ओट्याच्या कोपऱ्यात पुठ्ठा घेऊन बसलेला होता. ती दोनदा ओरडली, पोळपाटाच्या मध्ये येतोस, सरक. मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. मग म्हणाली, काढायचंच आहे तर ती पिवळी ओढणी घेऊन येते, ही जुनी आहे. तो म्हणाला, नको, हीच राहू दे.

चित्र अजून पुरं झालेलं नाही. हात जमले आहेत, चेहऱ्यावर वाफ येते ते जमत नाही म्हणतो. आज त्याची सेकंड शिफ्ट आहे. डब्यात खजूर आहे आणि शर्टाच्या खिशात पेन्सिल. गेटवर पेन्सिल चालते.