पिंग आणि फायरवॉलचं मौन

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ॲबरडीन इथे लष्कराची बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी होती. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं सोडवण्यासाठी ‘एनियाक’ हा अवाढव्य संगणक याच प्रयोगशाळेने बनवून घेतला होता. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं. प्रयोगशाळेतले प्रोग्रामर माइक मूस यांना जुलैमधली नॉर्वेतली एक बैठक आठवली. नेटवर्कवर ‘प्रतिध्वनी’ मागवून वेळ मोजता येतो, असं संगणक-जाळ्यांचे अभ्यासक डेव्हिड मिल्स तिथे बोलता बोलता म्हणाले होते. मूस यांनी लगेच तसा प्रोग्राम लिहायला घेतला. तो कंपाइल झाला, पण चालेना. संगणकाच्या कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यालाच, असे निरोप हाताळता येत नव्हते. मग त्यांनी कर्नेलमध्येही बदल केले आणि उजाडायच्या आत सगळं चालू करून दाखवलं. तोवर एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्तही केलं होतं. त्यामुळे पहिला पिंग निघाला तेव्हा शोधायला बिघाड उरलाच नव्हता.

तो प्रोग्राम हजारेक ओळींचा होता, आणि पिंग आज विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळ्या प्रणालींबरोबर येतो. त्याचं काम एवढंच : दुसऱ्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. पाणबुड्यांच्या सोनारचं तत्त्व तेच, आणि मूस यांनी नावही तिथूनच घेतलं. या हाकेचे नियम आधीच ठरलेले होते. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये आयसीएमपी या प्रोटोकॉलचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यात प्रकार ८ म्हणजे विचारणा आणि प्रकार ० म्हणजे उत्तर.

मूस यांना सगळ्यात आवडलेला किस्सा एका नेटवर्क व्यवस्थापकाचा होता. त्याच्या इमारतीतली केबल मध्येच तुटायची, मध्येच जुळायची. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर संगणकाकडून मोठ्याने बोलवून घेतलं, तो आवाज कचेरीतल्या स्टिरिओला जोडला आणि इमारतभर एकेक कनेक्टर हलवत फिरला. ज्या कनेक्टरला हात लावताच ‘पिंग, पिंग’ थांबलं, तिथेच दोष होता. बिघाड शोधण्याची सगळी रीत या एका गोष्टीत आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि कान उघडे ठेवायचे.

ऑक्टोबर १९८९ च्या इंटरनेट मानकाने तर प्रत्येक यंत्राने पिंगला उत्तर दिलंच पाहिजे, असं बंधन घातलं. पण तोवर जग बदलू लागलं होतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम हजारो यंत्रांत शिरला होता, आणि अंतर्गत जाळ्याच्या वेशीवर फायरवॉल बसवण्याची गरज सगळ्यांना पटू लागली. १९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ आला. मर्यादेपेक्षा मोठं, ६५,५३५ बाइटांच्या पुढचं पॅकेट मिळालं की अनेक संगणक कोसळायचे. ‘स्मर्फ’ हल्ल्यात एका खोट्या हाकेला शेकडो यंत्रं उत्तर द्यायची आणि त्या उत्तरांखाली तिसराच गुदमरायचा. घाबरलेल्या व्यवस्थापकांनी आयसीएमपी सरसकट बंद केलं. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप सुरू ठेवली, आणि शेजारच्या टेबलावरचा चालू संगणकही पिंगला उत्तर देईनासा झाला.

म्हणून फायरवॉलमागच्या संगणकावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसलं, की ‘नेट बंद आहे’ एवढा निष्कर्ष काढून भागत नाही. आतून बाहेर, पायरीपायरीने जावं लागतं. आधी संगणकाला पत्ता मिळालाय का ते पाहायचं. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणारी यंत्रणाच भेटलेली नाही. मग राउटरला पिंग, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, आणि शेवटी नावाने एखाद्या संकेतस्थळाला. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडत नाही, तर दोष नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसकडे; पोर्ट ५३ अडवलं गेलं असण्याची शक्यता मोठी. पिंग गप्प, पण विंडोजच्या पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा संकेतस्थळांचं पोर्ट ४४३ उघडं दाखवते, तर रस्ता ठीक आहे, फक्त हाकेला बंदी आहे. विंडोजचं ‘नो इंटरनेट’ही नेहमी खरं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या ठरावीक पत्त्यावरची एक छोटी फाइल मिळते का, यावरून ते ठरतं. फायरवॉलने तेवढाच पत्ता अडवला, तर पानं उघडत असतानाही इशारा कायम राहतो.

फायरवॉल दोन तऱ्हांनी अडवते : नाकारते किंवा गिळून टाकते. नाकारलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ क्षणात दिसतं आणि माणूस पुढच्या शक्यतेकडे वळतो. गिळलं की प्रोग्राम वाट पाहत राहतो, माणूसही, आणि तुटलेली केबल व फायरवॉलचा नियम यांत फरकच कळत नाही. बाहेरच्या अनोळखी जगासाठी मौन समजू शकतं. आतल्या माणसांना त्याच मौनात ठेवणं मात्र त्यांचा वेळ वाया घालवणं आहे.

सगळ्यात छळणारा बिघाड मात्र वेगळाच. लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल चढवायला घेतली की सगळं गोठतं. कारण पॅकेटच्या मापात असतं. इथरनेटवर १,५०० बाइटांचं पॅकेट जातं. भारतात बीएसएनएलच्या फायबर जोडण्यांवर रुळलेल्या पीपीपीओई पद्धतीत आठ बाइट वेष्टनाला लागतात आणि १,४९२ उरतात. वाटेतल्या अरुंद जागी राउटर मोठं पॅकेट टाकून देतो आणि ‘इथे एवढंच मावतं’ असा निरोप मागे पाठवतो. आयसीएमपीतला तो प्रकार ३, कोड ४. नोव्हेंबर १९९० मध्ये जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी या निरोपावरच योग्य माप शोधण्याची पद्धत मांडली. फायरवॉलने तो अडवला, की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. इथेही पिंगच कामी येतो : तुकडे करायची मनाई करून १,४७२ बाइट पाठवायचे. शीर्षकांचे २८ मिळवून ते १,५०० होतात. हे अडकले आणि १,४६४ पोहोचले, तर पीपीपीओईचे ते आठ बाइटच आडवे आलेत.

असा आजही कामी येणारा पिंग लिहिणारे माइक मूस नोव्हेंबर २००० मध्ये रस्ता अपघातात गेले. ‘बीआरएल-कॅड’ या मोठ्या प्रणालीमागेही तेच होते, पण त्यांचं नाव राहिलं ते पिंगमुळे.

कचेरीत, कॉलेजात, बँकेत नेट अडलं तर वापरणाऱ्याने फायरवॉल बंद करून पाहू नये. कुठला पत्ता, कुठलं पोर्ट, किती वाजता, आणि नकार आला की नुसतीच वाट पाहावी लागली, हे लिहून व्यवस्थापकाला द्यावं. लॉगमध्ये नेमकी नोंद सापडायला एवढं पुरतं. आणि व्यवस्थापकांनी आतल्या जाळ्यात गिळण्याऐवजी नाकारण्याचा नियम लावावा, प्रकार ३, कोड ४ चे निरोप दोन्ही दिशांनी जाऊ द्यावेत. आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, त्यामुळे तिथला याच कामाचा निरोप अडवण्याला कुठलीच सबब उरत नाही.