पाण्याच्या हौदापासून जेलपर्यंत : सोनोग्राफीचा मागोवा

पोटाच्या सोनोग्राफीसाठी रुग्णाला उपाशीपोटी बोलावले जाते, ओटीपोटाच्या तपासणीआधी पाणी पिऊन लघवी रोखून धरण्यास सांगितले जाते आणि तपासणी सुरू होताना त्वचेवर गार जेल लावले जाते. ध्वनी द्रवातून सहज पुढे जातो, हवेपाशी मात्र परत फिरतो, या एकाच वस्तुस्थितीत तिन्ही गोष्टींचे मूळ आहे. आणि या तपासणीचा इतिहास हा बहुतांशी त्या वस्तुस्थितीशी जुळवून घेण्याचा इतिहास आहे.

1880 साली पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला असता त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हे दाखवून दिले. याच्या उलट, विजेच्या दाबाने स्फटिक कंप पावतो आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, म्हणजे सेकंदाला 20,000 हून अधिक कंपनांचा, श्राव्यातीत ध्वनी निर्माण करता येतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी हे तत्त्व समुद्रातील पाणबुड्या शोधण्यासाठी वापरले.

ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक यांनी 1940 च्या दशकात याच ध्वनीने मेंदूतील पोकळ्यांचे चित्र मिळवल्याचे प्रसिद्ध केले. परंतु ती चित्रे प्रामुख्याने कवटीच्या हाडामुळे उमटली होती, असे पुढे दिसून आले. अमेरिकेत डेन्व्हर येथे डग्लस हाउरी यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी रुग्णाला चक्क पाण्याच्या हौदात बसवून चित्रे घेतली. चित्रे चांगली येत, पण आजारी माणसाला पाण्यात निश्चल बसवून ठेवणे व्यवहारात शक्य नव्हते.

ही अडचण ग्लासगोमध्ये सुटू लागली. प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी जुलै 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राने त्या तपासल्या; द्रवाने भरलेल्या गाठीचे आणि भरीव गाठीचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. त्यानंतर अभियंते टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी पोटावर तेल लावून थेट त्वचेवर टेकवता येणारे यंत्र उभे केले आणि जून 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. जठराचा असाध्य कर्करोग समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची द्रवयुक्त गाठ असल्याचे या तपासणीने उघड झाले आणि ती गाठ काढता आली. भरलेल्या मूत्राशयातून लहान गर्भ अधिक स्पष्ट दिसतो, हेही डोनाल्ड यांच्या लक्षात आले. हाउरींच्या हौदाचे काम आता रुग्णाच्या शरीरातलेच पाणी करू लागले.

आजचा प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवले जाणारे उपकरण, ध्वनीचा क्षणिक स्पंद सोडतो आणि लगेच प्रतिध्वनी ऐकतो. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,540 मीटर असल्याने एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचे सुमारे 13 दशलक्षांश लागतात. या वेळेवरून संगणक खोली ठरवतो आणि प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून त्या बिंदूचा उजळपणा. पित्तखडा उजळ ठिपक्यासारखा दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. मात्र जेवण झाले असेल तर पित्ताशय आकुंचन पावलेले असते आणि खडा दिसणे अवघड होते. आतड्यातील वायूही मागचे अवयव झाकतो. म्हणूनच सहा ते आठ तास उपाशी राहण्यास सांगतात, आणि म्हणूनच मधुमेही रुग्णाने त्या दिवशीच्या औषधांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. जेलचे काम त्वचा आणि प्रोब यांच्यातील हवेचा पातळ थर हटवण्याचे आहे.

भारतात मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी याच तंत्राचा गैरवापरही झाला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वप्रथम केला. केंद्राचा कायदा 1994 चा असून 2003 मध्ये तो अधिक कठोर करण्यात आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 मधील 946 वरून 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 पर्यंत घसरली. ज्या तपासणीची उभारणी एका स्त्रीचे प्राण वाचवण्यापासून झाली, तिच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने गर्भाची प्रकृती विचारावी. लिंग विचारू नये.